विजया आणि मानसरोग : कॅनाबिनॉइड रिसेप्टरच्या संदर्भात

भावप्रकाशाने विजयेला, अर्थात भांगेला, ग्राही, पाचन व अग्निवर्धक म्हटले आहे. त्याचबरोबर ती मद व मोह वाढविते, हेही स्पष्ट केले आहे. जातीफलादी चूर्णासारखे विजयायुक्त कल्प ग्रहणी-अतिसारात आपण आजही योजतो. म्हणून हे द्रव्य मनावर कोठे कार्य करते, हे चिकित्सकाने जाणणे अगत्याचे आहे.

१९८८ साली मेंदूतील कॅनाबिनॉइड रिसेप्टरचा (सीबी-१) शोध लागला. स्मृती व भय यांच्याशी संबंधित भागांत त्याची दाटी असते. १९९२ मध्ये त्यास जोडले जाणारे शरीरातीलच द्रव्य सापडले. 'आनंद' या संस्कृत शब्दावरून त्याचे 'आनंदामाइड' असे नामकरण झाले. भांगेतील टीएचसी याच रिसेप्टरवर कार्य करते. अल्प मात्रेत चिंता शमू शकते. अधिक मात्रेत भय, संशय व भ्रम उद्भवतात. रिसेप्टर रोखणेही निर्धोक नाही. २००६ मध्ये युरोपात स्थौल्यासाठी आलेल्या रिमोनाबँट या सीबी-१ रोधक औषधाची विक्री विषाद व आत्महत्येच्या विचारांमुळे २००८ मध्ये थांबवावी लागली.

भांग-गांजाने उन्माद होतो काय? १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने भारतातील मनोरुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे कारण अनेकदा पुराव्याविना लिहिलेले आढळले. मात्र १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या, स्वीडनमधील सुमारे ४५ हजार भरती-तरुणांच्या अभ्यासात, अतिसेवन करणाऱ्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे सहापट दिसले. तात्पर्य, धोका सर्वांस समान नाही. तो कोणास अधिक, हे ओळखणे वैद्याचे काम आहे.

यास्तव विजयायुक्त कल्प देण्यापूर्वी पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात :
१) रुग्णास वा रक्ताच्या नात्यात उन्माद, विषाद वा आत्महत्येचा प्रयत्न झाला आहे काय?
२) वय पंचविशीच्या आत आहे काय?
३) गांजा, मद्य वा झोपेच्या गोळ्या चालू आहेत काय?
पुण्यात शिक्षणासाठी एकटे राहणारे विद्यार्थी अनिद्रेची तक्रार घेऊन येतात; त्यांच्या संमतीने घरच्यांशी बोलून कुलवृत्त घ्यावे. एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास अन्य कल्प निवडणे श्रेयस्कर.

शोधनातील भर्जनाने मदकारित्व जाते, असे समजू नये. उष्णतेने टीएचसीचे आम्लरूप उलट मदकारी रूपात परिवर्तित होते.

औषधविक्रेत्यांनी ध्यानात ठेवावे, की बीज वगळता भांग ही औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये समाविष्ट आहे. वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर असणे बंधनकारक आहे. वैद्याच्या चिठ्ठीविना असा कल्प हाती देऊ नये, यातच रुग्णाचे व शास्त्राचेही हित आहे.