पाचटाचा कोळसा

मुलांनो, ऊसतोडणीच्या दिवसांत येरवड्याहून उरुळी कांचनकडे गेलात, तर उसाच्या रानांत कुठे कुठे धूर दिसेल. ऊस कारखान्याला गेला की मागे वाळलेला पाला उरतो. त्याला पाचट म्हणतात. एका हेक्टरात ते सुमारे ८ ते १० टन निघते. बरेच शेतकरी ते पेटवून देतात. एकीकडे जळण वाया जाते आणि दुसरीकडे खेड्यातील बाई लाकडाच्या चुलीपुढे खोकत बसते.

डॉ. आनंद कर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुण्यात 'आरती' ही संस्था सुरू केली. तिने यावर उपाय शोधला. पाचट लोखंडी पिंपांत कोंबून भट्टीत तापवायचे. त्यातून निघणारा वायू भट्टीतच जळतो व आच देतो. उरलेल्या कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडायच्या. संस्थेच्या सराई कुकरमध्ये सुमारे १०० ग्रॅम कोळशावर पाच माणसांचा स्वयंपाक होतो. या कामाला २००२ साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. (कोळशाचा धूर दिसत नाही, पण त्यातून विषारी वायू निघतो. बंद खोलीत शेगडी कधीही ठेवू नका.)

आता खरी अडचण पाहा. समजा, एका बाईने हा धंदा करण्यासाठी २०,००० रुपये कर्ज घेतले. कर्ज, हप्ता, जामीन हे शब्द तुम्हाला उर्दूतून ओळखीचे आहेतच! पाचट मिळते हिवाळ्यात व उन्हाळ्यात. कोळशाला चांगला भाव येतो पावसाळ्यात, लाकडे ओली झाल्यावर. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. मग ती एप्रिलमध्येच माल स्वस्तात विकते, नाहीतर हप्ता चुकवते. माल चांगला असूनही धंदा बुडतो. म्हणून मला वाटते, व्याजाच्या दराइतकीच हप्त्याची तारीखही महत्त्वाची आहे.

जामीन कोण राहणार, हा दुसरा प्रश्न. बचत गटातील बाया एकमेकींची हमी घेतात. अशा गटांना बँकांशी जोडण्याचे काम नाबार्डने १९९२ साली सुरू केले. २०१५ च्या मुद्रा योजनेत छोट्या धंद्याला तारणाशिवाय कर्ज मिळते.

आफ्रिकेत आजही ९० कोटींहून अधिक लोक लाकूड, कोळसा अशा जळणावर स्वयंपाक करतात. तेथील छोट्या दुकानदारांपुढेही भांडवलाचाच प्रश्न आहे.

आपल्या मोहल्ल्यातील कोळशावर इस्त्री करणाऱ्या चाचांना विचारा: कोळसा किलोला कितीला पडतो? पावसाळ्यात भाव किती वाढतो? उत्तर वहीत मराठीत लिहा.