अंगानं बारीक, तरी साखर कशी?

प्रश्न : माझं वय 44, उंची 170 सेंटिमीटर, वजन 64 किलो. चहा बिनसाखरेचा, गोडधोड सणासुदीलाच. तरी कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर 138 आणि तीन महिन्यांची 7.4 निघाली. आईला मधुमेह होता. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिलंय, पण मेव्हणे म्हणतात, एकदा गोळी सुरू झाली की जन्माची पाठीमागे लागते. माझ्यासारख्या किडकिडीत माणसाला हे कसं झालं? आणि माझ्या 14 वर्षांच्या मुलीलाही होणार का?

उत्तर : आधी आकड्यांचं बोलू. उपाशीपोटी 126 किंवा जास्त आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची साखर, 6.5 किंवा जास्त, या मधुमेहाच्या रेषा. एकच आकडा रेषेपार गेला असता तर तपासणी पुन्हा करा म्हटलं असतं. तुमचे दोन्ही गेलेत, तेव्हा शंकेला फारशी जागा नाही.

आता किडकिडीतपणाचं. तुमचा बीएमआय येतो साधारण 22, म्हणजे वजनकाट्याच्या लेखी तुम्ही ठाकठीक. पण त्या 64 किलोंत स्नायू किती आणि चरबी किती, हे काट्याला कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये यासाठी चक्क स्वतःलाच उभं केलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मोजली, तर युडकिन 9.1 टक्के आणि याज्ञिक 21.2 टक्के! एक जण मॅरेथॉन धावणारा आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे मिटत चाललेलं लिफ्टचं दार धावत गाठणं, अशी मल्लिनाथीही त्यांनीच करून ठेवली आहे.

पण सगळा दोष लिफ्टवर टाकता येत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांच्या चमूनं 1993 पासून गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सुमारे 800 ग्रॅमनी हलकी. ही तूट स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत जास्त होती. चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. म्हणजे हातपाय काटक्यांसारखे, पोट तेवढं पुढे, ही आपल्याकडे घरोघरी दिसणारी ठेवण काही अंशी आईच्या पोटातच ठरून येते.

त्याचा साखरेशी संबंध असा. जेवल्यानंतर रक्तात आलेली साखर साठवायची सगळ्यात मोठी वखार म्हणजे स्नायू. वखार लहान असेल तर माल बाहेर तुंबतो. शिवाय पोटातली चरबी यकृतात उतरली की यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर, तुम्ही झोपलेले असताना, रक्तात साखर सोडत राहतं. रात्री काही न खाता सकाळी 138 कुठून आली, याचं उत्तर यातच आहे. स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन करून काही वर्षं हे सांभाळून नेतं, मग थकतं. आईकडून आलेला वारसा बहुधा इथंच भोवतो.

तेव्हा घरी गेल्यावर टेप घ्या आणि पोट मोजा. पट्टा बांधतो तिथं नव्हे, बेंबीच्या आसपास, श्वास सोडून. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या वर गेलं, तर काट्यावर विसंबू नका.

एक शक्यता मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. गेल्या काही महिन्यांत वजन आपोआप घटलं असेल, तहान-लघवी वाढली असेल, तर बारीक माणसात टाइप 1 प्रकारचा मधुमेह उशिरा उपटलेला असू शकतो. त्यासाठी अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड या रक्ततपासण्या आहेत. तो निघाला तर इन्सुलिनला पर्याय नाही.

चहा बिनसाखरेचा पिता, चांगलंच आहे. पण त्याच्याबरोबर खारी किंवा टोस्ट असतो का? सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वर भात आणि पळीभर पातळ वरण, हे ताट जवळपास सगळं पिष्टाचं. पोळीच्या जागी तेवढीच ज्वारीची भाकरी ठेवून आकडा फारसा हलत नाही. उपवासाची साबुदाणा खिचडी तर याहून वाईट. पोळी एक कमी करा, भात चमच्यानं मोजा, आणि घट्ट उसळ, डाळ, अंडी, मासे, पनीर यांपैकी जे चालतं ते वाढवा. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जोर, वजन उचलणं, असं स्नायूंना काम द्या. तुमच्या बाबतीत नुसत्या चालण्यापेक्षा याचं मोल जास्त आहे.

मेव्हण्यांचं म्हणणं उलट्या बाजूनं बघा. मुक्कामाला आलाय तो आजार, गोळी नव्हे. मेटफॉर्मिन यकृताची ती रात्रीची उधळपट्टी आवरतं. सुरुवातीला पोट बिघडू शकतं, म्हणून जेवणाबरोबर घ्यायचं. त्यानं मूत्रपिंडं खराब होत नाहीत. मात्र ती आधीच अशक्त असतील तर डोस कमी किंवा बंद करावा लागतो. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-12 घटू शकतं, तेव्हा शाकाहारी असाल तर ते तपासत राहा. पोटाची चरबी उतरली तर गोळ्या सुटूही शकतात. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी तुमच्यासारख्या, लठ्ठ नसलेल्या 20 मधुमेहींचं वजन साधारण दहा टक्क्यांनी उतरवलं, तेव्हा 14 जणांची साखर औषधांविना मधुमेहाच्या रेषेखाली आली. हा प्रयोग घरच्या घरी उपाशी राहून करू नका. तुमच्याकडे स्नायूंची आधीच टंचाई आहे. आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर सोबत हवेत. सध्या बोलबाला असलेली वजन उतरवणारी इंजेक्शनं तुम्हाला पहिल्याच पायरीवर लागतील असं दिसत नाही. कारल्याचा रस आवडत असेल तर प्या, पण गोळीऐवजी नव्हे.

डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तळपायांची संवेदना एवढं याच महिन्यात तपासून घ्या. टाइप 2 बरीच वर्षं गुपचूप असतो.

मुलीला धोका इतरांपेक्षा जास्त, पण ठरलेला नाही. आत्ता तिच्या मागे सुई घेऊन लागू नका. वजन वाढत असेल किंवा मानेवर काळसर, मखमली पट्टा दिसू लागला तर तपासा. मळ समजून आया तो घासत बसतात. दहावीच्या वर्षीही तिचं मैदान बंद करू नका, तिचं हिमोग्लोबिन आणि बी-12 नीट ठेवा. पुढे कधी ती गरोदर राहिली, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना वडील आणि आजी, दोघांच्याही मधुमेहाची कल्पना द्यायची आणि साखर तेव्हाच तपासून घ्यायची.