*गुरुवारचा पाठ : साइटवरचा माणूस घरी येतो तेव्हा*

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


मागच्या गुरुवारी आरतीनंतर आपल्यातल्या एक काकू बाजूला येऊन रडल्या. त्यांचा मुलगा बांधकामाच्या साइटवर प्रोजेक्ट मॅनेजर आहे. "फोन वाजला की दचकतो, धड जेवत नाही, विचारलं की अंगावर येतो. माझंच काही चुकलं का?" त्यांची परवानगी घेऊनच हे लिहितो आहोत.

"नाम घेत नाही म्हणून असं होतं," असं आपण पटकन बोलून जातो. आधी त्याच्यावर बाहेरून काय काय येतं ते पाहू.

*१) तारीख :* उज्जैनला २०२८ चा सिंहस्थ आहे. पर्वणी कोणासाठी थांबत नाही, रस्ते-पूल त्याआधी व्हायलाच हवेत. घरांच्या स्कीमला २०१६ चा रेरा कायदा आहे. ताबा उशिरा मिळाला तर घर घेणारा व्याज मागू शकतो. कायदा आपल्या भल्याचाच, पण तगादा साइटवरच्या माणसाला.

*२) हवा :* मे महिन्यात ऊन एवढं की स्लॅब रात्री भरावा लागतो, आणि मध्येच सोडता येत नाही. जूनमध्ये खोदलेल्या पायात पाणी.

*३) माणसं :* झाबुआ-अलिराजपूरचे मजूर भगोरियाला आणि पेरणीला गावी जातात. त्यांचंही बरोबरच आहे, पण काम अडतं.

*४) पैसा आणि मंजुरी :* बिल अडकलं की ठेकेदार हात आखडतो. नकाशात बदल आला की झालेलं काम तोडावं लागतं.

*५) अपघाताची धास्ती :* उंचावर माणसं कामाला असतात. रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो तो यामुळेच.

यातलं बहुतेक त्याच्या हातात नाही, जाब मात्र त्यालाच द्यायचा. मन थकतं ते इथे.

गीता सांगते की अधिकार कर्मावर, फळावर नाही. शिकवण खरीच. पण दमून आलेल्याला दारातच ती ऐकवली तर तोही आणखी एक तगादाच होतो. आम्हीही हे केलेलं आहे. म्हणजे बाहेरच्या ताणात *सहावा* आपणच!

*घरी काय करावं?*
🔸 आल्याबरोबर प्रश्न नकोत. पाणी द्या, जेवू द्या.
🔸 स्लॅबच्या रात्री जागला असेल तर काकड आरतीला उठवू नका. त्या दिवशी झोप हीच त्याची साधना.
🔸 नंतर एवढंच विचारा : "आज तुझ्या हातात काय होतं, काय नव्हतं?" आणि ऐकून घ्या.
🔸 दोन आठवडे झोप नाही, कशातच मन नाही, तर डॉक्टरांकडे न्या. "जगून काय करू" असं एकदा जरी बोलला तरी एक दिवसही थांबू नका, त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेली-मानस सेवा *१४४१६* वर चोवीस तास, मोफत आहे. नामस्मरण आणि औषध यांचं भांडण नाही.

काकूंनी सध्या प्रश्न थांबवलेत. सगळं ठीक झालेलं नाही, पण परवा तो ताटावरून न उठता पूर्ण जेवला.

*या आठवड्याचा स्वाध्याय :* आपल्या घरी कोणाच्या मनावरचा सहावा ताण आपण आहोत का? एकदा शांत बसून पाहू या.

शुभं भवतु 🌼
आपल्या सेवेकरी भगिनी, इंदूर