खोडव्याच्या सरीत चवळी

ऊस तुटून गेला की फडात काडी ओढायची, बगला फोडायच्या आणि पाणी सोडायचे, ही भीमाकाठची जुनी सवय. वडगाव रासाईचा मळा असो की पलीकडचे दौंडचे शिवार, खोडव्याची सुरुवात बहुधा अशीच होते. खरे तर खोडवा म्हणजे नांगराविना हाती आलेले पीक. बुडखे जागेवर, मुळांनी पाडलेल्या पोकळ्या जागेवर. अशा रानात हेक्टरी ८ ते १० टन पाचट जाळणे म्हणजे ४-५ टन खत डोळ्यांदेखत धुरात घालवणे.

बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. पाचट एकाआड एक सरीत दाबून बसवावे. बुडख्यांवर राहिले तर फुटवा अडतो. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे.

उरलेल्या मोकळ्या सरीत थंडी सरताच चवळी टोकावी. बियाण्याला रायझोबियम चोळावे, आणि वाण झुडपी निवडावा. वेल सोडणारी चवळी उसालाच विळखा घालते.

जपानच्या मासानोबू फुकुओकांनी भात-जवाच्या रानात पांढरा क्लोव्हर वाढवला. ते थंड हवेचे पीक भीमाकाठच्या उन्हात तग धरणार नाही. इथे चवळीच हवी. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी न मोडलेल्या गादीवाफ्यांवर भातामागून वाल, हरभरा घेऊन दाखवला आहे. पीक वेगळे, सूत्र तेच: माती उघडी ठेवायची नाही, उलटायचीही नाही.

एक चूक मात्र महागात पडते. खोडव्यात टू-फोर-डी फवारण्याची सवय असेल, तर चवळी पेरूच नये. रुंद पानाचे तण मारणारे हे औषध चवळीलाही सोडत नाही. चवळी पेरली, तर तणासाठी त्या सरीत एखादी खुरपणी करावी लागेल. पुढे चवळीच सावली धरते.

पाचटामुळे नांगर चालत नाही, मग खत कसे द्यायचे? पहारीने. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, तितकेच खोल, दर ३० सेंटिमीटरला एक छिद्र. पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांत, दुसरा १३५ दिवसांनी.

शेंगांचा मोह आवरलेला बरा. मुळांवरच्या गाठींतला नत्र उसाला मिळतो तो मुख्यतः चवळी कुजल्यावर. म्हणून ४० ते ४५ दिवसांनी, फुले दिसताच चवळी विळ्याने जमिनीलगत कापून तिथेच पसरावी, मुळे उपटू नयेत. पाण्याची ओढ असेल, तर त्याआधीच कापावी. एप्रिलच्या उन्हात उसाच्या वाटणीचे पाणी चवळीला देणे परवडणारे नाही.