एक शब्द, कामे अनेक : लाईन

'लाईन' हा शब्द इंग्रजी आहे. पण आपल्या गावात जे कधी शाळेत गेले नाहीत तेसुद्धा तो बोलतात. आठ दिवस मी कोण कसे बोलते ते ऐकून वहीत लिहिले. त्याचे इतके अर्थ निघाले :

१) ओळ : गुरुजी सांगतात, "दोन लाईन सोडून लिहा."

२) रांग : प्रार्थनेला लाईन, रेशनच्या दुकानात लाईन. मध्येच कोणी घुसला की सगळे ओरडतात, "लाईनीत ये!"

३) रेल्वेचा मार्ग : मुंबईकडून आलेल्या लाईनला भुसावळला दोन फाटे फुटतात. एक नागपूरकडे जातो, दुसरा खांडव्याकडे. सुरतेची लाईन नंदुरबार, अमळनेरवरून जळगावला येते. धुळ्याची लाईन चाळीसगावला मिळते. पाचोरा-जामनेरची लाईन छोटी होती. तिच्या दोन रुळांत फक्त अडीच फूट अंतर होते. ती छोटी गाडी २०२० साली बंद झाली.

४) पाण्याची नळी : विहिरीपासून केळीच्या बागेपर्यंत पाईपलाईन असते. "लाईन फुटली" म्हटले की अण्णा पळत जातात.

५) गवंड्याची दोरी : भिंत सरळ यावी म्हणून गवंडी विटांजवळ दोरी ताणतात. तिला लाईनदोरी म्हणतात.

६) कामधंदा : "पोरगा ड्रायव्हर लाईनला गेला."

७) वीज : आजी अहिराणीत विचारते, "लाईन उनी का?"

हा शब्द आला कुठून? गुरुजींनी सांगितले की लॅटिन भाषेत 'लिनेआ' म्हणजे जवसाच्या वाखाचा दोरा. जवस म्हणजे आपण ज्याची चटणी खातो तोच. त्या झाडाच्या वाखापासून दोरा निघतो. दोरा ताणला की सरळ रेघ दिसते, म्हणून पुढे सरळ असलेल्या पुष्कळ गोष्टींना लाईन म्हणू लागले. म्हणजे आपल्या गवंडीकाकांची लाईनदोरी मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ आहे!

मराठीत या सगळ्यांना वेगवेगळे शब्द आहेत : ओळ, रांग, रूळ, नळी, दोरी, धंदा, वीज. मग लाईन म्हणून काय बिघडले? वर्गात काही बिघडत नाही. पण शेतात बिघडते. समजा एक जण लांबून ओरडला, "लाईन बंद केली!" त्याने पाण्याचा कॉक बंद केला की मोटारीची वीज? ऐकणाऱ्याने उलटे समजून वायरला हात लावला तर जीव जाईल.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. शेतातल्या मोटारीला तीन फेजची वीज लागते. एक फेज गेली की लोक म्हणतात, "लाईन गेली." पण बाकीच्या तारांत वीज असू शकते. मोटार थांबली म्हणून वायर धरू नये. तुटून पडलेल्या तारेजवळ तर जाऊच नये. लांब उभे राहून दुसऱ्यांना थांबवावे व लाईनमनला बोलवावे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. घरात, ओट्यावर खुशाल लाईन म्हणा. पण विहिरीवर आणि डीपीजवळ 'वीज बंद' किंवा 'पाणी बंद' असे स्पष्ट बोला. आणि मुलांनो, कोणी नुसते "लाईन बंद" म्हटले तर आधी विचारा, "कोणती लाईन?"