गुणांसाठी का होईना...



महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना म्हणजे एनएसएस सुरू झाली. वर्षाला १२० तास सेवा, शिवाय सात दिवसांचे शिबिर.

दादर-परळची काही मुले वाढीव गुणांसाठी किंवा क्रेडिटसाठी नाव देतात. काही टाळतात, कारण क्लास असतो, नोकरी असते, घरून नकार असतो. दोघांनाही दोष देऊ नये.

ॲरिस्टॉटलच्या मते न्यायाची कामे करता करताच माणूस न्यायी होतो. कच्चा हेतूही काम करता करता पिकतो. मात्र जो आलाच नाही, त्याचा हेतू पिकणार कधी?

पालकहो, "किती गुण मिळाले?" याआधी "आज कोणाच्या उपयोगी पडलास?" असे विचारून पाहा.