एका क्रेडिटचे तीस तास

थर्ड इयर संपत आलं की आपल्या होस्टेलमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक प्लेसमेंटसाठी अॅप्टिट्यूड सोडवणाऱ्यांची आणि दुसरी 'बाहेर' जाणाऱ्यांची. मी सध्या दुसऱ्या पार्टीत आहे. रात्री मेसमध्ये ताट घेऊन बसलं की आमची चर्चा सुरू होते.

"जर्मनीत एम.एस.ला फी नाही म्हणे!"

"अगं, मग जर्मनीलाच जाऊ!"

इतक्या सहज तर आपण रविवारच्या पिक्चरचाही निर्णय घेत नाही! मीही त्याच घोळक्यात होते. पण माझा मावसभाऊ दोन वर्षांपासून तिकडे मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करतोय. दिवाळीनंतर एका रात्री त्याचा फोन आला आणि माझे डोळे उघडले. त्यानंतर मी कागद-पेन्सिल घेऊन तीन गणितं मांडली. तीच इथे देते. ज्यांना जायचं आहे त्यांना उपयोगी पडतील, आणि ज्यांना नाही त्यांनी रूममेटला वाचून दाखवा.

पहिलं गणित : मार्कांचं

जर्मनीत ग्रेड उलटे चालतात. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. आपला सी.जी.पी.ए. त्या पट्टीवर बसवायला एक सूत्र आहे, त्याला 'सुधारित बव्हेरियन सूत्र' म्हणतात. जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या ग्रेडमधून आपला ग्रेड वजा करायचा. आलेल्या उत्तराला जास्तीत जास्त ग्रेड आणि पासिंग ग्रेड यांच्यातल्या फरकाने भागायचं. मग तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा.

आता माझंच उदाहरण घ्या (लाज बाजूला ठेवून!). माझा सी.जी.पी.ए. ६.८. जास्तीत जास्त १०, पासिंग ४. म्हणजे १० वजा ६.८ बरोबर ३.२. भागिले ६ बरोबर ०.५३. गुणिले ३ बरोबर १.६. अधिक १ म्हणजे २.६.

बऱ्याच कोर्सेसची अट २.५ ची असते. म्हणजे मी ०.१ ने बाहेर! २.५ साठी बरोबर ७.० सी.जी.पी.ए. लागतो. सगळ्या सेमचे क्रेडिट सारखे धरले तर उरलेल्या दोन्ही सेममध्ये मला ७.६ काढावे लागतील. पण तिकडचं मुख्य सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि अर्ज त्याच्या काही महिने आधी भरायचे असतात. त्या वेळी आठव्या सेमचा रिझल्ट हातात नसतो. मग सातव्या सेमच्या एकट्या जिवावर ७.० गाठायचे तर त्या सेमला ८.२ पाहिजेत. फर्स्ट इयरला "पास झालं की बास" म्हणत मी जे पेपर लिहिले, त्यांची किंमत आज कळतेय. ज्युनिअर्सनो, तुमच्या हातात अजून वेळ आहे.

एक सूचना : पासिंग ग्रेड आपल्या स्वतःच्या ग्रेडकार्डवर काय छापलाय तो बघा. तो ४ ऐवजी ५ असेल तर माझ्याच ६.८ चे २.९ होतात.

दुसरं गणित : पैशांचं

"फी नाही" हे अर्धसत्य आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, पण दर सेमिस्टरला एक वर्गणी भरावी लागते. शिवाय सगळीकडे एकच नियम नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात (स्टुटगार्ट, कार्ल्सरुह तिकडेच येतात) २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १५०० युरो फी लागू झाली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी सुरू केली, ती मास्टर्सच्या बहुतेक कोर्सेसना सेमिस्टरमागे ४००० ते ६००० युरो आहे. तेव्हा सिनिअरने सांगितलं म्हणून नाही, तर स्वतः कोर्सची माहिती वाचून ठरवायचं.

याशिवाय व्हिसासाठी बँकेत एक खातं उघडावं लागतं, त्याला 'श्पेरकॉन्टो' म्हणजे अडकवलेलं खातं म्हणतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवण्याचा नियम आला. पैसे आपलेच, पण तिकडे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा, सगळं त्यातच. आणि नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या आधी ए.पी.एस.चं प्रमाणपत्रही लागतं. त्यात आपल्या मार्कशीट्स खऱ्या आहेत की नाहीत ते तपासतात. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून आधीच अर्ज करायचा.

माझ्या मावशीने यासाठी घर तारण ठेवून कर्ज काढलं. दादाने हे मला कधीच सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं.

तिसरं गणित : तासांचं

हे गणित मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि मेसमध्ये याबद्दल कुणीच बोलत नाही.

आपल्याकडे क्रेडिट म्हणजे आठवड्याला किती लेक्चर्स. तिकडे क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याने किती तास काम करायचं. जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास धरतात, बहुतेक ठिकाणी ३०. मास्टर्स १२० क्रेडिट्सचं, दोन वर्षांचं. म्हणजे सेमिस्टरला ३० क्रेडिट्स, म्हणजेच ९०० तास.

आता एक ६ क्रेडिटचा विषय घ्या. त्याचे १८० तास. त्यात लेक्चर आणि ट्युटोरियल मिळून वर्गात बसायचं ते साधारण ६० तास. मग उरलेले १२० तास कुठे गेले? ते आपण लायब्ररीत, खोलीत, गणितं सोडवत स्वतः घालवायचे असतात. तिथे बहुतेक लेक्चर्सना हजेरी नाही, डिटेन्शन नाही, सबमिशनसाठी मागे लागणारे सर नाहीत. बऱ्याच विषयांत टर्मवर्कचे मार्क नाहीत, शेवटी एकच परीक्षा. ती लेखी किंवा थेट प्रोफेसरसमोर तोंडी.

दादाला हे स्वातंत्र्य फार आवडलं! पहिल्या सेमला त्याने पाच विषय घेतले, संध्याकाळी एका रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचं काम धरलं, आणि अभ्यास 'पी.एल.मध्ये करू' म्हणून ठेवून दिला. आपण सगळे तेच करतो. शेवटच्या पंधरा दिवसांत मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवायचे आणि निघायचं. त्याचे दोन विषय राहिले. फायनाइट एलिमेंटमध्ये तर तो पुन्हा नापास झाला.

आपल्याकडे के.टी. लागली तर आपण कँटीनमध्ये पार्टी मागतो. तिकडे बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. आवश्यक विषयात तिसऱ्यांदा नापास झालं तर त्या कोर्समधून नाव कमी होतं, आणि साधारणपणे तोच कोर्स जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. नाव कमी झालं की शिक्षणासाठी मिळालेला व्हिसाही धोक्यात येतो.

दिवाळीनंतरचा फोन त्या तिसऱ्या संधीच्या आधीचा होता. आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजले होते, त्याच्याकडे दहा. म्हणाला, "अगं, मी हुशार नाही असं नाही. मला अभ्यास करायची सवयच नाही. मला फक्त परीक्षा द्यायची सवय आहे."

मी काय बोलणार? "होईल रे दादा" एवढंच म्हणाले.

मग त्याने काम कमी केलं, आणि रोज सकाळी साडेआठला लायब्ररीत जाऊन बसायला लागला. त्या एका विषयाचे १८० तास त्याने वहीत रेघा मारून मोजले. फेब्रुवारीत परीक्षा झाली. ग्रेड आला ३.७. आपल्या भाषेत काठावर पास. मावशीने पेढे वाटले!

कामाबद्दल म्हणाल तर २०२४ च्या मार्चपासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा झाली. विद्यापीठातच प्रोफेसरच्या हाताखालचं 'हिवी'चं काम मिळालं तर सर्वांत उत्तम, कारण त्यात पैसेही मिळतात आणि विषयही पक्का होतो. पण ९०० तास आधी, काम नंतर.

जाता जाता भाषेबद्दल. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला वाटायचं, इंग्रजी आलं की झालं. कोर्स इंग्रजीत मिळतो हे खरं, पण घरभाड्याचा करार, विम्याचं पत्र आणि मुख्य म्हणजे नोकरीचा इंटरव्ह्यू बहुतेक वेळा जर्मनमध्येच असतो. पास झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं. ते महिने भाषा शिकण्यात घालवायचे नसतील तर सुरुवात इथूनच करायला हवी. मी सध्या 'देर, दी, दास' पाठ करतेय आणि टेबल पुल्लिंगी का, हे अजून मला कळलेलं नाही.

मग मी जाणार की नाही? ठरलेलं नाही. आईला मी घर तारण ठेवायला सांगायचं की नाही, हे सातव्या सेमवर ठरेल. पण एक गोष्ट सुरू केलीये. या सेमला एकच विषय निवडलाय आणि त्याचे तास मी वहीत लिहितेय. आजपर्यंत ४१ झाले. जर्मनी नाही झाली तरी हे तास वाया जाणार नाहीत.

तुम्हीही आज रात्री आपला सी.जी.पी.ए. सूत्रात घालून बघा. आणि उत्तर काहीही आलं तरी मेस बुडवू नका!

सर्वांना ऑल द बेस्ट.